झेंडूवरचा बर्फ

झेंडूच्या फुलांवर बर्फ जमला होता.

आधी मला वाटलं, लगबगीत कुणाच्या तरी हातून तांदळाचं पीठ सांडलंय. खंडेनवमीची सकाळ होती. आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्या दिवशी काम बंद आणि कौतुक चालू. वजनकाट्याला हळदकुंकू, चाळणीच्या मशिनला हळदकुंकू, हातगाड्यांना हळदकुंकू. आणि सगळ्यांच्या मधोमध माझं फोर्कलिफ्ट, नवरीसारखं नटवून उभं केलेलं. पुढच्या खांबांना केळीचे खुंट बांधले होते. इंजिनालाही कुंकवाची बोटं ओढायची म्हणून झाकण उघडून ठेवलं होतं. माळा तर इतक्या, की सीट दिसेना. त्यातली एक माळ इंजिनाशेजारच्या रेग्युलेटरवरून खाली आली होती. तेवढ्याच माळेची फुलं पांढरी पडून ताठ झाली होती.

"इंदाबाई, हे बघा की," मी म्हटलं.

इंदाबाई म्हणजे बेदाणा निवडणाऱ्या बायकांची मुकादम. तिनं वाकून पाहिलं. "बर्फ हाय."

"व्हय, पण कशानं?"

"अगं, कोल्ड स्टोरेजात बर्फ न्हाई तर काय भट्टी असणार व्हय?"

बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसताच थांबले.

कारण बर्फ खोल्यांच्या आत असायचा, बाहेरच्या हॉलमध्ये कधीच नाही. आणि हॉलमध्ये जमायचाच झाला, तर एका रेग्युलेटरलाच निवडून कशाला जमेल?

ते रेग्युलेटर म्हणजे दिसायला पसरट, जाडजूड डबा. मागच्या लाल टाकीत गॅस असतो तो पातळ, पाण्यासारखा. इंजिनाला तसा चालत नाही, त्याची हवा व्हावी लागते. ती होते या डब्यात. पातळ गॅसची हवा होताना तो आजूबाजूची सगळी ऊब ओढून घेतो, म्हणून इंजिनातलं गरम पाणी डब्याच्या पोटातून फिरवलेलं असतं. ते फिरलं नाही की डबा गारठतो आणि वर बर्फ धरतो. आत एक रबराचा पडदा असतो. इंजिन श्वास ओढेल तसा तो पडदा हलतो आणि मोजका गॅस पुढे सोडतो. इंजिन थांबलं की पडदा बसला, गॅस बंद. मागितल्याशिवाय देणार नाही, अशा स्वभावाचं ते यंत्र.

आता आमचं इंजिन आदल्या संध्याकाळपासून बंद होतं. कुणी काही मागत नव्हतं. तरी डबा गार पडला होता, म्हणजे आत गॅस येत होता. आणि येत होता, तर तो कुठेतरी जातही होता.

मी खाली पाहिलं. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर बसतो. आमचा हॉल रस्त्यापेक्षा हातभर खाली, आणि कुत्री-मांजरं पूजा विस्कटतील म्हणून शटर सगळे पाडलेले. एक छोटं दार तेवढं उघडं. त्या जमिनीवर रांगोळी होती, रांगोळीशेजारी अजून न पेटवलेली समई होती, आणि दोन्ही बाजूंना लेकरं मांडीवर घेऊन बायका बसल्या होत्या.

वास? तोच तर घोळ होता. घरच्या सिलिंडरसारखाच या गॅसलाही मुद्दाम घाणेरडा वास घातलेला असतो, कळावं म्हणून. पण आमचा पिवळाधमक बेदाणा गंधकाच्या धुरीतून आलेला. हॉलमध्ये तो वास बारा महिने कोंडलेला. नवीन बाई कामाला आली की चार दिवस नाकाला पदर लावते, पाचव्या दिवशी पदर खाली येतो आणि नाकही कामातून जातं. माझंही गेलं होतं.

मी मालकांकडे गेले. हिंदुराव जमदाडे. पांढरा फेटा बांधून आरतीच्या ताटात कापूर रचत होते.

"मालक, काल मशीन लावल्यावर टाकीचा कॉक बंद केला हुता का?"

"चावी काढलीया की मी." त्यांनी खिशावर हात मारला.

"चावी न्हवं. मागचा कॉक."

"शालन, आज मशिनीला सुट्टी हाय. तू बी घे."

मालकाच्या हातानंच मशीन पूजेच्या जागी लागायचं, ही त्यांच्या घरची पद्धत. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मी उतरले आणि ते बसले. त्यांनी मशीन झोकात आणून लावलं, चावी काढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चावी बंद झाली की गॅस अडवणारा एक जास्तीचा व्हॉल्व्ह अशा मशिनीला असतो. आमचं मशीन जुनं, विकत घेतलेलं. आधीच्या ठिकाणी कुणीतरी तो व्हॉल्व्ह काढून नळी सरळ जोडून टाकली होती. मी हे मालकांना सांगितलं होतं. "दसरा झाला की बघू," असं ते म्हणाले होते. तोवर मी रोज टाकीचा कॉक हातानं बंद करत होते. त्या संध्याकाळी कॉकवर लाल खण पांघरला गेला आणि सजवलेल्या मशिनीला पूजेआधी कुणी हात लावायचा नाही, असा दंडक पडला.

"गॅस गळतोय मालक. रेग्युलेटरवर बर्फ आलाय."

हिंदुरावांनी मान वर केली आणि सगळ्या हॉलला विचारलं, "काय गं, वास येतोय का कुणाला?"

सगळ्यांनी नाकं वर केली. "येतोय की, गंधकाचा," कुणीतरी म्हणालं. हॉल हसला.

"ऐकलंस? सणासुदीला असलं अभद्र बोलू नगंस."

माझा आवाज तिथे कमी पडत होता, कारण त्या कामावर माझंच अजून काही नक्की नव्हतं. चाकणच्या एका गोदामात मी गॅसवरचं फोर्कलिफ्ट चालवायला शिकले, तिथेच दोन वर्षं चालवलंही. मग नवऱ्याचं काम सुटलं, सासू अंथरुणाला खिळली, आणि आम्ही तासगावकडे परत आलो. हिंदुरावांना ड्रायव्हर टिकत नव्हता, ते लगेच हो म्हणाले. अट घातली ती त्यांच्या आईनं. तिला सगळे आक्का म्हणत. ऐंशीच्या घरातली, काटक, दाराशी खुर्ची टाकून बसणारी. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक पेटी हलायची नाही.

"बाई मशिनीवर बसतीया, बसू दे," आक्का म्हणाल्या होत्या. "पर महिन्याचे चार दिवस मशिनीला शिवायचं न्हाई. लक्ष्मी हाय ती."

"मग मला काम नको आक्का," मी म्हणाले होते. "चार दिवस मशीन थांबलं तर पाचव्या दिवशी तुम्ही दुसरा ड्रायव्हर आणणार. चालवायचं तर सगळा महिना."

हिंदुराव दोघींच्या कचाट्यात सापडले. "दसऱ्यापतूर चालू दे," ते म्हणाले, "दसऱ्याला ठरवू." तेव्हापासून आक्कांनी मला कधी काही विचारलं नाही. नुसत्या बघत राहायच्या. मीही कधी काही दिसू दिलं नाही. त्या कामावर माझा जीव होता. एवढाल्या थप्प्या उचलून छतापाशी अलगद ठेवताना मला जे वाटायचं, ते दुसऱ्या कशातच वाटलं नाही. आणि ते सगळं त्या एका गोष्टीवर टांगलेलं होतं.

मी मशिनीच्या मागे गेले आणि लाल खणाखाली हात घातला.

"एऽ! हात काढ!" आक्कांचा आवाज खणकन आला. "पूजेआधी शिवत न्हाईत, एवढं बी ठावं न्हाई तुला?"

"आक्का, काडी वढू नका. थोडं थांबा. शटर उघडू, वारं येऊ दे, मग करा."

"मुहूर्त टळतोय हिकडं, आन् हिला वारं पायजे." त्यांनी लेकाकडे हात केला. "दे रे पेटी."

हिंदुरावांनी काडेपेटी दिली. आक्का खुर्चीवरून उठून समईपाशी खाली बसल्या. त्यांची बोटं सांध्यांत धरलेली. पहिली काडी काढतानाच मोडली. त्यांनी ती बाजूला टाकली आणि दुसरी शोधू लागल्या.

माझ्या आणि त्यांच्यामध्ये अख्खं मशीन होतं, बायकांच्या दोन रांगा होत्या, रांगोळी होती. धावले असते तर कुणीतरी मला धरलं असतं, आणि तेवढ्यात काडी ओढली गेली असती. गॅस म्हणून ओरडले, तर त्याचं हसं झालेलंच होतं. त्या हॉलमध्ये कोणता शब्द ऐकला की हात जागच्या जागी थांबतो, हे मला माहीत होतं. तो एकच शब्द होता, आणि तोच मी उभ्या जन्मात तिथे उच्चारणार नव्हते.

"आक्का," मी म्हणाले, "मला कावळा शिवलाय."

बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या.

आक्कांनी काडी पेटीवर टेकवली होती. ती तशीच राहिली. "कवा?"

"काल दुपारी. सांजच्यापतूर मी मशिनीवरच हुते. ह्या माळा बी मीच ओवल्यात."

त्यातलं कावळ्याचं तेवढं खोटं होतं.

आक्कांनी काडी परत पेटीत ठेवली. पेटी बंद केली. माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जे त्या कधीपासून म्हणत होत्या ते शेवटी सिद्ध झाल्याचं समाधान होतं. दसऱ्याला जे ठरायचं होतं ते ठरलं, हे मला तिथेच कळलं. माझे डोळे भरून आले. सगळ्यांना वाटलं, लाजेनं.

"उठा गं समद्या," आक्का म्हणाल्या. "भाईर व्हा. शटर उघडा. जागा धुऊन काढायला पायजे. आन् हे मशीन भाईर न्या, साबणानं घासा, मग बघू."

हिंदुराव चावी काढून मशिनीवर चढायला निघाले. ते स्टार्टर मारणार होते. पण मी तोंड उघडायच्या आतच आक्का ओरडल्या, "तू कशाला शिवतोस? आंघूळ झालीया तुझी. आन् त्यो फेटा काढून ठेव. हमालास्नी ढकलू दे!"

चाकणला आम्हाला तक्ता लावून शिकवलं होतं. गॅस गळाला तर ठिणगी नको, माणसं बाहेर, दारं उघडी, मशीन चालू न करता मोकळ्यावर. त्या बाईनं एकही पायरी चुकवली नाही. हमालांनी साखळ्या ओढून सगळे शटर वर केले. वारा आत शिरला. मशिनीच्या पुढच्या, माल उचलायच्या काट्यांवर पूजेचा पाट मांडायचा म्हणून ते वीतभर वर ठेवलेले होते, त्यामुळे मशीन ढकलता आलं. दहाबारा जणांनी खांदे लावले आणि धुण्याचं पाणी जायच्या उतारावरून ते मागच्या अंगणात नेऊन उभं केलं.

मी लांब कडुलिंबाखाली उभी राहिले. तिथेच उभं राहायचं होतं मला.

इंदाबाईनं बादलीत साबणाचा चुरा फेसला. माळा काढून टाकल्या. खणही गेला. चिंधी बुडवून ती सीट पुसू लागली, खांब पुसू लागली.

"इंदाबाई," मी लांबूनच म्हटलं, "तो डबा बी घासा. बर्फाचा. त्यावर भरपूर फेस टाका."

तिनं ओंजळभर फेस त्या रेग्युलेटरवर टाकला आणि दुसरीकडे वळली. मग थबकली. पुन्हा वळून पाहिलं.

"ह्ये काय गं? ह्ये तर फुगाय लागलंय."

डब्याच्या कडेला एक बुडबुडा लिंबाएवढा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा आला. मग त्याच्या खालच्या बारीक भोकातून एकामागून एक येतच राहिले. कुणी हात लावत नव्हतं, फुंकत नव्हतं, इंजिन बंद होतं, आणि साबणाचा फेस आपला आपण फुगत होता. हमाल जवळ आले. हिंदुराव जवळ आले.

"मालक," मी म्हणाले, "आता तरी मागचा कॉक बंद करा."

त्यांनी वळून कॉक फिरवला. तो पूर्ण उघडा होता, त्यांना कितीतरी वेळ फिरवावा लागला. बुडबुडे लहान झाले. मग थांबले. फेस नुसता फेस होऊन खाली ओघळला.

हिंदुराव तिथेच बादली उपडी घालून बसले. त्यांची सून लेकराला कडेवर घेऊन शेजारी उभी होती. ते लेकरू मघाशी समईपाशी रांगत होतं.

"काय झालं रे?" आक्का काठी टेकत आल्या. "सांग की."

"आई, रातभर गॅस गळत हुता. आत साठला असंल."

"आन् म्या काडी वढली असती तर?"

हिंदुरावांनी सुनेच्या कडेवरचं लेकरू आपल्याकडे घेतलं. आक्कांनी त्या डब्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, पणतवंडाकडे पाहिलं. मग कडुलिंबाखाली माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

दुपार कलेपर्यंत शटर उघडे होते. टाकी सोडवून लांब कुंपणाशी नेऊन उभी केली. रेग्युलेटर काढला. आतला पडदा एका कडेला उभा चिरलेला निघाला, आणि गॅसमधला काळा तेलकट चिकटा आत बसला होता. पूजा अंगणातच करायची ठरली. कुणीतरी नव्या माळा आणल्या. आक्का मशिनीपुढे उभ्या राहिल्या, ताट हातात घेतलं आणि म्हणाल्या, "शालन, हिकडं ये."

मी जागची हलले नाही.

"ऐकू येत न्हाई व्हय? ये."

मी निघाले तशी बायकांमधून वाट झाली. ज्या जवळ होत्या त्यांनी शिवाशिव नको म्हणून पदर आवरून घेतले. इंदाबाईनंही घेतला. मी आक्कांपासून चार हातांवर थांबले. त्याच पुढे आल्या आणि ताट माझ्यापुढे धरलं.

"आरती तू करायची."

"आई!" हिंदुराव म्हणाले.

"गप ऱ्हा. म्या कराय गेले हुते, तवा काय झालं असतं?" मग माझ्याकडे वळून, "धर. जड हाय."

मी ताट धरलं. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. बायकांमधून एक बारीक आवाज उठला, श्वास आत ओढल्यासारखा. आक्कांच्या हाताला कंप होता. आयुष्यभर पाळलेली गोष्ट त्या सगळ्यांदेखत मोडत होत्या आणि त्यांना त्याची भीती वाटत होती, हे मला त्या हातावरून कळलं.

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. आक्का, मला काही झालेलं नाही, मी तुम्हाला थांबवायला बोलले, एवढंच म्हणायचं होतं. लगेच सगळे पदर सुटले असते. मी स्वच्छ झाले असते. माझ्या घरीही सुखानं जेवण झालं असतं. पण मग आक्कांनी ताट दिलं ते एका स्वच्छ बाईला, असं झालं असतं. चार दिवसांची अट जिथल्या तिथे राहिली असती. माझ्यासाठी आणि माझ्यानंतर त्या सीटवर जी कुणी बसेल तिच्यासाठीही.

"आक्का, मी..."

"इचारलंय का म्या काही?" आक्का म्हणाल्या. "पेटव कापूर."

मी कापूर पेटवला.

सासूनं महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. गावात व्हायची ती चर्चा झाली. दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी मी कामावर गेले, तेव्हा हिंदुरावांनी नवा रेग्युलेटर आणि तो गॅस अडवणारा व्हॉल्व्ह, दोन्ही माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "बसवून घे तुझ्या नजरंखाली." चार दिवसांचं नाव कुणी काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आता तिथे तीन बायका फोर्कलिफ्ट चालवतात. त्यातली एक इंदाबाईची सून आहे.

आक्का पुढे बरीच वर्षं जगल्या. शेवटच्या दसऱ्याला मी सोनं द्यायला घरी गेले, तेव्हा त्या पलंगावरच होत्या. दिसायचं कमी झालं होतं. आपट्याचं पान हातात धरून त्यांनी माझा हात सोडलाच नाही.

"शालन, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचारा की."

"त्या दिशी तुला खरंच शिवला हुता का गं कावळा?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. सांगून टाकायला काही हरकत नव्हती. पण त्यांचा तो थरथरणारा हात मी पाहिला होता. तेवढं धाडस मी त्या अंगणात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नव्हतं, माझंही नाही.

"व्हय आक्का," मी म्हणाले. "शिवला हुता."

त्यांनी डोळे मिटले. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, तुला ताट देताना म्या उगंच भ्याले."